शंभराव्या दिवशी आलेले पाच हजार

फेब्रुवारी २०२१चा शेवटचा शनिवार. पाळी सुटायच्या वेळेला सुपरवायझरने आम्हा अकरा जणांना ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, पाळ्यांची यादी बदलली असेल. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात मी सात वर्षं लूमवर होतो, ठेकेदाराच्या नावावर. त्या हिवाळ्यात प्लास्टिकच्या दाण्याचा भाव असा चढला होता की मालक रोज सकाळी फोन कानाला लावूनच गेटातून आत यायचा. रात्रीचे लूम आधीच बंद पडले होते. आता दिवसाचेही निम्मे बंद करायचं ठरलं होतं.

टेबलावर कागद छापून ठेवलेले. 'मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे', खाली टिंबटिंब, त्या टिंबांवर आपलं नाव लिहायचं. पेन सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेला. माझ्या पुढे नाना होते, आमच्यातले सगळ्यात जुने. चष्मा डब्याच्या पिशवीत राहिला होता, त्यामुळे त्यांनी वाचलंच नाही, सही केली आणि बाहेर जाऊन तंबाखू मळायला लागले. माझा नंबर आला तेव्हा मी म्हणालो, "आधी फेब्रुवारीचा पगार टाका, मग सही." कायदा माहीत होता असं काही नाही. आदल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये राहिलेल्या हिशेबासाठी इतक्या चकरा मारल्या होत्या की डोक्यात तेवढंच पक्कं बसलं होतं. सुपरवायझर वैतागला. "बरं, सोमवारी ये," म्हणाला आणि माझा कागद कोराच फायलीत ठेवला. सोमवारी मी गेलो तर गेटवरच्या वॉचमनला माझं नाव काढून टाकायला सांगितलेलं होतं. पगार दहा तारखेला खात्यात पडला, पण त्या कागदाची आठवण मग कोणालाच झाली नाही. पुढे मला जे काही मिळालं ते त्या न झालेल्या सहीच्या जोरावर.

बेकारीत सरकार पैसे देतं, हे मला माहीत नव्हतं. आईच्या बीपीच्या गोळ्या मी ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, दवाखान्यातून आणायचो, तिथे औषधाच्या खिडकीशेजारी एक हिंदी पोस्टर होतं, 'अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना'. वर्षभर त्याच्यासमोर रांगेत उभा राहिलो असेन, पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते पहिल्यांदा वाचलं. रिकाम्या माणसाला भिंतीवरचं दिसायला लागतं.

योजना तेव्हा अशी होती. १ जुलै २०१८ला सुरू झाली तेव्हा पाव पगार मिळायचा आणि तीन महिने बेकार राहिल्यावरच मागता यायचा. कोरोनामुळे २४ मार्च २०२० पासून तो निम्मा केला, आणि तीन महिन्यांऐवजी ३० दिवस झाले की अर्ज करता येऊ लागला. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे, तेही आयुष्यात एकदाच. अट म्हणजे निदान दोन वर्षं विम्याची नोकरी झालेली हवी, नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत कमीत कमी ७८ दिवसांचा भरणा, म्हणजे विम्याची वर्गणी, हवा, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तरी ७८ हवेत. गैरवर्तनामुळे काढलेलं नसावं, स्वेच्छेने निवृत्त झालेलं नसावं.

मी घरी येऊन कॅलेंडरच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. रोज ४५० रुपये. निम्मे २२५. नव्वद दिवसांचे २०,२५०. बायकोने तो आकडा दोनदा वाचला आणि कॅलेंडर उलटून १४ मे या तारखेभोवती गोल केला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माझी बहीण माहेरी येणार, सांजोऱ्या करायच्या, घागर भरायची. "तोपर्यंत येतील ना हो?" तिने विचारलं. मी म्हणालो, "तोपर्यंत तर दोन महिन्यांचे येऊन गेलेले असतील." माझा हिशेब साधा होता. ३० मार्चला तीस दिवस भरतात, अर्ज केला की पंधरा दिवसांत निकाल लावायचा असं सरकारने सांगितलेलं, म्हणजे एप्रिलच्या मध्याला पहिला हप्ता. या हिशेबात चूक एवढीच होती की सगळ्या तारखा माझ्या बाजूने मोजल्या होत्या.

३ एप्रिलला आमच्या गावातल्या, धरणगावच्याच एका नेट कॅफेवर बसून अर्ज भरला. दहा आकडी आयपी नंबर, म्हणजे विमेदाराचा नंबर, ईएसआयच्या पहचान कार्डावरून टाकला, बेकारीची तारीख १ मार्च, मागणी ३० दिवसांची. पुढच्या दिवसांचे पैसे आधी मागता येत नाहीत, जो महिना पूर्ण बेकारीत गेला त्याचाच दावा करायचा. कॅफेवाला पोरगा हुशार होता पण घाईत होता. "भाऊ, याला ॲफिडेव्हिट लागतं," म्हणाला आणि त्याच्या ओळखीच्या माणसाकडे पाठवलं. शंभराचा स्टँपपेपर, टायपिंग, नोटरी, सगळे मिळून साडेचारशे रुपये. कागदपत्रं त्याने काही अपलोड केली नाहीत, सर्व्हर लटकतोय म्हणाला. "प्रिंट काढून ऑफिसात नेऊन द्या."

सोमवारी मोटारसायकलने पाळधीमार्गे ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेलो. नेहमीची पॅसेंजर तेव्हा बंदच होती. दुसरी लाट चढत होती, राज्यात नवे निर्बंध लागणार अशी चर्चा, ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. काउंटरवरच्या मॅडमनी माझा अर्ज घेतला, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेतली, आणि ॲफिडेव्हिट दोन बोटांनी उचलून मला परत दिलं. "हे नोव्हेंबरपासून लागत नाही दादा. कोणी सांगितलं तुम्हाला?" मी काही बोललो नाही. साडेचारशे रुपयांत घरात पंधरा दिवसांचं दूध आलं असतं. तो स्टँपपेपर अजून माझ्या फायलीत आहे, त्यावर माझा फोटोही छान आलाय.

मॅडमनी मग माझा नंबर संगणकात टाकला आणि कॅल्क्युलेटर जवळ ओढला. आधीची सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर २०२०. ईएसआयची वर्षं अशी दोन तुकड्यांत असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. त्या उन्हाळ्याचं नाव काढल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. एप्रिल आणि मे शून्य, कारखाना कुलूपबंद. मॅडम मोठ्याने वाचत होत्या: जून १४. जुलै २०. ऑगस्ट २४. सप्टेंबर २६. बेरीज झाली ८४.

"बसतंय," त्या म्हणाल्या.

सहा दिवस. सहा दिवसांनी वाचलो होतो. जूनमध्ये गाडी-घोडं नसताना पहाटे उठून सायकलवर तीसेक किलोमीटर गेलो होतो त्यातले काही दिवस असतील ते, तेव्हा बायको म्हणत होती की नका जाऊ, जीव प्यारा की पगार.

पण मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुम्ही १ मार्चपासून बेकार आहात असं म्हणताय. आम्हाला इथे ते दिसत नाही." मार्चचा रकानाच नव्हता. मार्चचा भरणा ठेकेदाराने करायची मुदत १५ एप्रिल. जोपर्यंत तो मार्चची यादी भरत नाही, तोपर्यंत त्यांच्या दृष्टीने मी फेब्रुवारीत कामावर असलेला माणूस, आणि पुढचं कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे मी तीस दिवस घरी बसून होतो ते खरं, पण ते खरं आहे असं कागदावर यायला ठेकेदाराच्या कारकुनाने पंधरा तारखेला संगणकासमोर बसायला हवं. पंधरा दिवसांत निकाल लागतो तो सगळं जुळल्यानंतर. हे पोस्टरवर नव्हतं.

२० एप्रिलला पुन्हा फोन केला. ऑफिसात या म्हणाले नाहीत, फोनवरच सांगितलं, तेवढा मोठेपणा त्या मॅडमचा. मार्चचा भरणा आलाय. तुमच्या नावापुढे दिवस शून्य. कारण, 'रजेवर'.

रजेवर! सात वर्षांत दिवाळीला दोन दिवस जोडून मागितले तर तोंड फिरवणारी माणसं.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गाठ याच ठिकाणी होती. मालक किंवा ठेकेदार दर महिन्याला माणसांची यादी भरतो, त्यात ज्याचे दिवस शून्य त्याच्यापुढे कारण टाकावं लागतं. संगणकात कारणांची यादी तयार असते, आकडे दिलेले. एक म्हणजे रजेवर. दोन म्हणजे नोकरी सोडली. दहा म्हणजे छाटणी. अकरा म्हणजे काम नाही. कारकून एकावर बोट ठेवतो आणि पुढच्या नावावर जातो. 'रजेवर' लिहिलं की माणूस अजून त्याच्याकडेच नोकरीला आहे असा अर्थ होतो, मग बेकारी कसली?

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या ऑफिसवर गेलो. दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर, खाली ग्रीसचं आणि बेअरिंगचं दुकान. कारकून माझ्याच वयाचा, ओळखीचा. मी म्हणालो, "छाटणी टाक ना." त्याने आजूबाजूला बघितलं. "भाऊ, ते नाही टाकत आपण कोणाचंच. साहेबांनी सांगून ठेवलंय." कारण नंतर मॅडमकडून कळलं. छाटणी असं एकदा सरकारी कागदावर आलं की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे भरपाईचा प्रश्न उभा राहायचा, झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. सात वर्षांचे म्हणजे साडेतीन महिने. शिवाय ईएसआयची आणखी एक जुनी योजना आहे, राजीव गांधींच्या नावाची, २००५पासूनची. तिच्यात छाटणी झालेल्याला किंवा कारखाना बंद पडलेल्याला पहिलं वर्ष निम्मा आणि दुसरं वर्ष पाव असा दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा, आणि तीन महिन्यांचे चोवीस होतात. आमच्यात युनियन नाही, भांडणारा मी एकटा, तेही खिशात पेट्रोलपुरते पैसे घेऊन. मी भांडलो नाही. त्याबद्दल मला आजही बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

भांडलो नाही तरी उठलोही नाही. जिन्यात बसून राहिलो. दुपारी ठेकेदार जेवायला निघाला तेव्हा मला ओलांडून जावं लागत होतं. "काय पाहिजे तुला?" मी म्हणालो, "मामा, तुमच्याकडून काही पैसे नकोत. मी कामावर नाही, एवढंच लिहून द्या." त्याने मान हलवली. लेटरहेडवर दोन ओळी मिळाल्या, काम उपलब्ध नसल्याने १ मार्चपासून कामावर नाही, सही, शिक्का. आणि भरलेली मार्चची यादी बदलणार नाही पण एप्रिलच्या यादीत शेवटचा दिवस टाकतो असं कारकून म्हणाला. एप्रिलची मुदत १५ मे. मी रोज सकाळी दहाला त्याला फोन करायचो. कंटाळून त्याने ३ मेलाच यादी भरली.

मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागल्यावर याच ठेकेदाराने महिना पूर्ण धरून पगार दिला होता, हेही सांगून ठेवतो. माणूस वाईट नाही. त्याच्यासाठी मी एक ओळ होतो इतकंच.

आई या सगळ्यात शांत होती. ती रोज संध्याकाळी ओट्यावर बसून विचारायची, "पैसा उनात का रे भाऊ?" मी म्हणायचो, "नही ना आई, आजून नही." एकदा चिडून तिला सगळं सांगितलं, रकाना, कारण, आकडा. तिने अर्धं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे मस्टरवर नाव चुकाडं त्यासनी." बहात्तरच्या दुष्काळात ती तेरा वर्षांची होती, रस्त्याच्या कामावर आजीबरोबर खडी फोडायला जायची. दुपारी सुकडी मिळायची ती आठवण ती अजून चवीने सांगते. मुकादमाने हजेरीपटावर नाव चढवलं नाही तर ढीग कितीही उंच असो, बाजाराच्या दिवशी हात रिकामा. एकदा आजीच्या नावापुढे खाडा पडला होता, तो काढून घ्यायला आजी मुकादमाच्या घरी जाऊन उंबऱ्यावर बसली होती. मी ठेकेदाराच्या जिन्यात बसलो होतो ते आईला सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. ती हसली. "सरकारना पैसा शेतस भो, येतीन," म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

घर कसं चाललं ते फार सांगण्यासारखं नाही. बायको भुईमुगाच्या शेंगा तोडायला जात होती. किराण्याची वही होती. पीएफमधून कोरोनाच्या नावाखाली आदल्याच वर्षी काढून झालं होतं, तिथे खरवडायला फारसं उरलं नव्हतं. एक गोष्ट मात्र लक्षात आली. पीएफमध्ये ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर दोन महिन्यांनी आपली आपण टाकता येते. ईएसआयमध्ये मला ती सोय सापडली नाही. एकाच नोकरीतून मी दोन खात्यांत दोन वेगवेगळ्या दिवशी बाहेर पडलो. आणि दवाखाना चालूच होता, ते एक बरं. एप्रिल ते सप्टेंबरचा भरणा पुढच्या जानेवारी ते जूनचं औषधपाणी देतो, त्यामुळे नोकरी नसली तरी आईच्या गोळ्या जूनपर्यंत थांबणार नव्हत्या, आणि ऑक्टोबरनंतरच्या भरण्यामुळे पुढे डिसेंबरपर्यंतही. खिडकीवर कार्ड दाखवताना दर वेळी वाटायचं की आता म्हणतील, तुमचं नाव नाही. म्हणाले नाहीत.

११ मेला मॅडमचा फोन आला. दावा मंजूर. "तीस दिवसांचे ५,१०४ रुपये."

मी म्हणालो, "मॅडम, चुकलं असेल. २२५ गुणिले तीस, ६,७५० होतात."

त्या हसल्या नाहीत, त्यांनी समजावून सांगितलं. सरासरी रोजची कमाई काढताना मागच्या चार सहामाह्यांमधली सगळी कमाई घेतात आणि ७३०ने भागतात. कामाच्या दिवसांनी नव्हे, दोन वर्षांच्या सगळ्या दिवसांनी, रविवार, पोळा, लॉकडाऊन सगळं धरून. माझी दोन वर्षांची कमाई २,४८,४०० निघाली. अठरा महिने पूर्ण, दोन महिने शून्य, चार महिन्यांत ते ८४ दिवस. भागिले ७३०, म्हणजे रोजचे ३४०. त्याचे निम्मे १७०. नव्वद दिवसांचे २०,२५० नव्हे, १५,३१२. बंद पडलेला उन्हाळा नसता तर सतरा हजारांच्या वर गेले असते. म्हणजे २०२०च्या लॉकडाऊनने माझ्याकडून पगार एकदा घेतला आणि २०२१मध्ये त्या न मिळालेल्या पगारापायी आणखी दोनेक हजार. कोणी मुद्दाम केलेलं नाही. गणित आहे, ते बरोबरही आहे. बायकोला सांगताना मात्र मी कॅलेंडरचं ते पान आधी फाडून टाकलं.

मंजूर झालं म्हणजे पैसे दोन दिवसांत येतील, आखाजीला येतील. १२ मेला मोबाइल उशाशी ठेवून झोपलो. १३ गेली. १४ला आखाजी. बहीण निर्बंधांमुळे आलीच नाही, व्हिडिओ कॉलवर भाच्यांनी झोका दाखवला. घागर भरली, आमरस उधारीच्या आंब्यांचा. बायकोने सांजोऱ्या मोजून अकरा केल्या. कोणी काही बोललं नाही, पण ताटावर बसल्यावर मोबाइलचा मेसेज वाजला आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे बघायला लागलो. रिचार्ज संपत आल्याचा होता.

२४ मेपर्यंत मी वाट बघितली, हे माझं चुकलं. मंजुरीनंतर चार दिवसांत पैसे नाहीत तर पाचव्या दिवशी विचारायला हवं होतं. मी भिडेखातर गप्प बसलो, मॅडमला किती त्रास द्यायचा म्हणून. शेवटी फोन केला तर त्यांनी बघून सांगितलं, "पैसे गेले होते, परत आलेत." खात्याचा आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, चुकीचा.

माझं खातं ज्या बँकेत होतं ती दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली होती. पाटी बदलली, माणसं तीच, मी पासबुकही तेच वापरत होतो. जुने कोड काही काळ चालत होते आणि १ मार्च २०२१पासून बंद झाले. १ मार्च, म्हणजे मी बेकार झालो तोच दिवस. बँकेने मेसेज पाठवले होते, मी मागे जाऊन बघितले, तीन होते. इंग्रजीत होते, मी जाहिरात समजून सोडून दिलेले. आणि पगार? पगार ठेकेदाराचा त्याच बँकेत, तो कोडाशिवाय जात असावा, त्यामुळे मला कधी कळलंच नाही. अर्जाला पासबुकाची झेरॉक्स जोडली होती ना, त्यावरही जुनाच कोड छापलेला. मी स्वतःच्या हाताने चुकीचा पत्ता देऊन टपालाची वाट बघत होतो.

बँकेत रांग बाहेर रस्त्यापर्यंत, उन्हात गोल आखलेले, प्रत्येक गोलात एक माणूस. मेअखेरचं जळगाव जिल्ह्याचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला त्या गोलांची किंमत कळणार नाही. एका गोलावर कडुनिंबाची सावली येत होती, तिथे पोचलेला माणूस पुढे सरकायला तयार नव्हता, मागून ओरडा चालू. दोन तासांनी नवं पासबुक मिळालं. त्यावरचा कोड मी तिथेच उभ्याने चारदा वाचला. पाचवं अक्षर शून्य असतं, 'ओ' नव्हे. तिथेही पुष्कळ जण फसतात असं खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, मी न विचारता. नवी झेरॉक्स आणि साध्या कागदावर अर्ज घेऊन दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिला, पोच घेतली. पोच घ्यायची, हे तोपर्यंत शिकलो होतो.

८ जूनला, मंगळवारी, सकाळी साडेअकराला ५,१०४ रुपये जमा झाले. मी कॅलेंडरवर मोजलं, १ मार्च धरून बरोबर शंभरावा दिवस. नव्वद दिवसांची योजना, तिचा पहिला पैसा शंभराव्या दिवशी. किराणावाल्याकडे गेलो, त्याने वही काढली, ५,७४० झाले होते. पाच हजार दिले. तो म्हणाला, "एवढी काय घाई होती, भाऊ?" शंभर रुपयांची जिलेबी घेतली, आईला आवडते.

उरलेल्या साठ दिवसांचा दावा १० जूनला भरला. या वेळी कॅफेत मी त्या पोराच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो, कागदपत्रं अपलोड झाल्याशिवाय उठलो नाही. अपलोड केली की प्रिंट नेऊन द्यायची गरज नसते. शेवटचा दिवस नोंदलेला होता, कोड बरोबर होता, मोजणी आधीच झालेली. २२ जूनला १०,२०८ रुपये आले. बारा दिवस. मला जवळजवळ राग आला. इतकं सोपं होतं तर ते.

नानांना मी एप्रिलमध्येच सांगितलं होतं की अर्ज करा, निदान विचारून तरी बघू, मी येतो बरोबर. त्यांनी नाही केला. "आपणच लिहून दिलं ना, स्वखुशीने सोडतो म्हणून. आता कोणत्या तोंडाने मागू?" मी म्हणालो, तुम्ही वाचलं तरी होतं का ते? "सही तर माझीच ना," म्हणाले. पुढे ते मुलाकडे सुरतेला गेले.

जुलैत मला एका डाळ मिलमध्ये काम लागलं, पुन्हा ठेकेदाराकडूनच, दुसऱ्या. पहिल्या दिवशी त्याच्या कारकुनाने आधार मागितलं आणि रजिस्टर उघडलं. "ईएसआयचा नवीन नंबर काढून टाकू तुमचा, पटकन होतो. जुना शोधत बसायला नको."

"नवा नको," मी म्हणालो. "जुनाच ठेवायचा." बेकारीचे पैसे आता मला पुन्हा मिळणार नाहीत, ते आयुष्यात एकदाच. पण आईच्या गोळ्या त्याच नंबरावर आहेत, आणि सात वर्षांचा भरणाही. फायलीतून पहचान कार्ड काढलं, त्याच्याबरोबर तो स्टँपपेपरही बाहेर आला, तो परत आत सारला. कारकून लिहायला लागला तर मीच पेन मागून घेतला आणि दहा आकडे एकेक करून रजिस्टरात लिहिले. त्याने वाचून दाखवले. एक चुकीचा वाचला. मी म्हणालो, "तो सात आहे, एक नाही. पुन्हा वाचा."